नेरच्या बसमधले वीस रुपये

अपघातात जखमी झालेल्या माणसाला वेळेत रुग्णालयात पोहोचवणाऱ्या अनोळखी व्यक्तीला केंद्र सरकारने २०२१ मध्ये ५,००० रुपयांचे बक्षीस सुरू केले, आणि २०२५ मध्ये ही रक्कम २५,००० रुपये करून अशा व्यक्तीला ‘राहवीर’ हे नाव दिले. मागच्या सुटीत मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला आलो होतो तेव्हा आम्हा जुन्या वर्गसोबत्यांमध्ये याच बक्षिसावरून एका संध्याकाळी बराच वेळ वाद झाला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असलेल्या मित्राचे म्हणणे असे होते की रस्त्यावर माणूस पडलेला असताना शंभर गाड्या निघून जातात, त्यांतली एक जरी या पैशांमुळे थांबली तरी सरकारचा पैसा सत्कारणी लागला. दुसरा मित्र कास्तकार आहे. तो म्हणाला, “पैशासाठी गाडी थांबवली तं तिले मानुसकी कोन म्हनन?” मग दोघेही माझ्याकडे वळले, कारण मी गेली वीस वर्षे जर्मनीत राहतो आणि तिकडे काय करतात हे मला ठाऊक असावे अशी त्यांची अपेक्षा होती.

तिकडचा कायदा मी त्यांना सांगितला, आणि तो पुढे इथेही सांगणार आहे. परंतु बोलत असताना माझ्या मनात अपघात नव्हता. अनोळखी माणसाने केलेल्या मदतीची किंमत कशी करायची आणि ती कोणाला, कोणत्या रूपात परत करायची, हा प्रश्न माझ्यासाठी १९९६ पासून वीस रुपयांचा आहे.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी कागदपत्रे घेऊन मला ठरलेल्या दिवशी अमरावतीला हजर व्हायचे होते. वडिलांनी रुमालात बांधून दिलेले पैसे दारव्ह्याच्या स्थानकावरच कुठेतरी पडले किंवा कोणी काढून घेतले, आणि हे माझ्या लक्षात आले ते बस गावाबाहेर पडून वाहक समोर येऊन उभा राहिल्यावर. सदऱ्याच्या वरच्या खिशात आठ-दहा रुपये निघाले. तेवढ्यात अमरावतीपर्यंतचे तिकीट येत नव्हते. वाहक भला माणूस होता, पण विनातिकीट प्रवासी नेण्याची त्याला मुभा नव्हती, आणि पुढच्या थांब्यावर उतरावे लागेल हे त्याने शक्य तितक्या हळू आवाजात मला सांगितले. त्या दिवशी मी पोहोचलो नाही तर प्रवेश हुकणार होता. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा भर बसमध्ये ज्या तऱ्हेने रडू आवरतो, त्या तऱ्हेने मी ते आवरत होतो.

शेजारच्या बाकावर एक वयस्क बाई बसली होती. तिच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला विळा होता, त्यावरून ती कोणाच्या तरी शेतात निंदणाला निघाली असावी. तिने पदराच्या टोकाची गाठ सोडली, दहा-दहाच्या दोन नोटा काढल्या आणि माझ्याकडे न देता थेट वाहकाच्या हातात ठेवल्या. मला ती एवढेच म्हणाली, “वरीस वाया जाईन ना बाप्पा तुयं.” मी तिचे गाव विचारले, पैसे आणून देईन म्हणालो. त्यावर तिने हाताने नको असे केले आणि म्हणाली, “परत घ्यासाठी नाई देऊन राह्यली मी.” नेरच्या अलीकडे एका फाट्यावर ती उतरली आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या शेताच्या, धुऱ्याने चालत गेली. त्या फाट्याचे नाव मला आजही पाठ आहे. तिचे नाव मी विचारलेच नाही.

आमच्या गावात त्या काळी निंदणाला बाईला दिवसाचे पंधरा-वीस रुपये मिळत. म्हणजे तिने मला एक पूर्ण दिवस दिला, आणि तोही वाकून केलेल्या कामाचा दिवस. हे गणित मला त्या वेळी सुचले नव्हते. ते पुष्कळ पुढे, पहिला पगार हातात आल्यावर सुचले, आणि त्यानंतर मात्र ते डोक्यातून गेले नाही.

‘फेडणे’ या क्रियापदाविषयी इथे सांगितले पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यात हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम सोसायटीचे पीककर्ज येते, मग बँक, मग सावकार आणि कृषी केंद्रावरची बियाण्या-खताची उधारी. हंगामाच्या आधी पैसा येतो आणि कापूस विकून चुकारा हाती पडला की तो जातो, आणि पाऊस किंवा भाव यांपैकी एकाने जरी दगा दिला तरी जाण्यासारखे काही उरत नाही. २००६ च्या जुलै महिन्यात पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्यानंतर २००८, २०१७ आणि २०१९ मध्ये कर्जमाफीच्या योजना आल्या. या सगळ्या काळात आमच्याकडे किती घरांतला कर्ता माणूस न फेडलेल्या कर्जापायी गेला, हे त्या भागातल्या वाचकाला मी सांगण्याची गरज नाही. जिथे हातात येणारा प्रत्येक रुपया कोणाला तरी परत करायचा असतो, अशा मुलखातल्या एका मजूर बाईने ‘परत घेण्यासाठी देत नाही’ असे म्हणावे, याचा अर्थ मला परदेशात गेल्यावर हळूहळू उलगडत गेला. तिने मला वीस रुपये दिलेच, पण त्यांच्यासोबत फेडण्यातून सूटही दिली, आणि तिच्या आयुष्यात ही सूट तिला क्वचितच कोणी दिली असेल.

जर्मनीतल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात वरच्या मजल्यावरच्या एका आजींनी एका रविवारी माझ्याकडे दोन अंडी मागितली, कारण रविवारी तिथे दुकाने बंद असतात. सोमवारी दुपारी त्या दारात उभ्या राहिल्या आणि मोजून दोन अंडी माझ्या हातावर ठेवून गेल्या. मला ते लागले. आमच्या गावात शेजारणीची वाटी रिकामी परत जात नाही. साखर नेलेल्या वाटीतून मूठभर शेंगदाणे येतात, नाहीतर गुळाचा खडा तरी येतो, आणि मग त्या खड्याची आठवण ठेवून पुढची वाटी जाते. हिशेब कधी पूर्ण होत नाही आणि तो पूर्ण होऊ नये अशीच सगळ्यांची इच्छा असते. दोन अंड्यांना दोन अंडी देऊन त्या आजींनी आमचा संबंध संपवला असे मला वाटले. काही महिन्यांनी ओळख वाढल्यावर मी त्यांना हे बोलून दाखवले, तेव्हा त्या चकित झाल्या. तुम्ही इथे नवे आहात, मी तुमचे काही ठेवून घेतले असते तर पुढे मी काही मागितल्यावर तुम्हाला नाही म्हणता आले असते का, असे त्यांनी मला विचारले. मला मोकळे ठेवण्यासाठी त्यांनी ती अंडी आणून दिली होती.

जर्मन भाषेत कर्ज आणि अपराध या दोन्हींसाठी ‘शुल्ड’ हा एकच शब्द आहे. देणे शिल्लक ठेवणे तिथल्या माणसाला मनावर ओझ्यासारखे वाटते, हे त्या शब्दावरून कळते. पण दुसऱ्याच्या मनावर ते ओझे राहू नये ही काळजीही त्यातच आहे, हे मला त्या आजींनी शिकवले. आणि ते कळल्यावर मला आमच्या गावाकडेही नीट पाहावे लागले. वाटीचा व्यवहार सुंदर आहे खरा, परंतु तो बरोबरीच्या घरांत चालतो. वाड्यावरून आलेली मदत वेगळी असते. सालदाराने मुलीच्या लग्नासाठी घेतलेली उचल, आजारपणात मालकाने काढून दिलेली गाडी, मुलाच्या फीसाठी पुढाऱ्याने खिशातून काढलेली नोट, यांचा हिशेब कोणी वहीत मांडत नाही आणि म्हणूनच तो कधी संपत नाही. निवडणुकीत, पंचायतीत, शेतमजुरीचा दर ठरताना ती मदत बोलते. यालाच आपण मिंधेपणा म्हणतो. माझ्या आजोबांनी आयुष्यभर एका घराविरुद्ध तोंड उघडले नाही, कारण एका दुष्काळात त्या घरातून ज्वारीची दोन पोती आली होती.

ती बाई फाट्यावर उतरून गेली, तिने नाव सांगितले नाही आणि माझेही विचारले नाही. त्यामुळे तिच्या वीस रुपयांत मिंधेपणाचा अंशही नव्हता. ओळखीच्या माणसाने केलेल्या उपकारात आणि अनोळखी माणसाने केलेल्या उपकारात मला हा भेद फार महत्त्वाचा वाटतो. पहिल्याची परतफेड मागणारा समोर असतो. दुसऱ्याची परतफेड मागायला कोणी येत नाही, आणि ती करायची की नाही हे सर्वस्वी घेणाऱ्यावर सोडलेले असते. भाषणांतून आपण ‘मी आपल्या ऋणातच राहू इच्छितो’ असे म्हणतो. ते वाक्य आता गुळगुळीत झाले आहे, तरी अनोळखी उपकारकर्त्याच्या बाबतीत ते अक्षरशः खरे ठरते, कारण उतराई होण्याचा मार्गच तिथे उपलब्ध नसतो.

आता त्या संध्याकाळच्या वादाकडे येतो. जर्मन दंडसंहितेच्या ३२३ (सी) या कलमानुसार अपघातात किंवा संकटात सापडलेल्या माणसाला, स्वतःला मोठा धोका नसताना आणि शक्य असताना, मदत न करणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. पण हा कायदा एकटा उभा नाही. वाहनपरवाना मिळण्यापूर्वी प्रत्येकाला प्रथमोपचाराचे शिक्षण घ्यावे लागते. मीही ते घेतले आणि बाहुलीच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देताना घामाघूम झालो. प्रत्येक गाडीत प्रथमोपचाराची पेटी असणे बंधनकारक आहे. मदत करताना मदत करणाऱ्यालाच इजा झाली तर त्याच्या उपचाराचा भार सरकारी अपघात विम्यावर पडतो. म्हणजे तिथल्या व्यवस्थेने माणसाला थांबायला भाग पाडले आहे, थांबल्यावर काय करायचे ते शिकवले आहे आणि थांबल्यामुळे त्याचे नुकसान होणार नाही याची हमी दिली आहे. त्याला पैसे मात्र देऊ केलेले नाहीत.

भारतातही हमीचा भाग आता कायद्यात आहे, आणि आमच्या त्या चर्चेत तो कोणालाच पुरता ठाऊक नव्हता, शिक्षक मित्रालाही नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्या व्यक्तीच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४-अ हे कलम आले. आणि २०२० मध्ये त्याखालचे नियम झाले. जखमीला रुग्णालयात आणणाऱ्याला आपले नाव, पत्ता, फोन नंबर सांगण्याची सक्ती करता येत नाही. पोलीस त्याला अडकवून ठेवू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचे की नाही हे तो स्वतः ठरवतो. बक्षिसाच्या योजनेत मात्र पोलिसांकडून नावाची नोंद होते, जिल्हास्तरावरची समिती ते प्रकरण पाहते आणि मग पैसे बँक खात्यात येतात. कायद्याने ज्याला निनावी राहण्याचा हक्क दिला, त्याला बक्षिसासाठी नाव द्यावे लागते. हिशेबाच्या दृष्टीने यात काही चूक नाही, सरकारी पैसा निनावी देता येणार नाही. तरी ज्या बाईने मला नाव सांगितले नाही, तिला समितीपुढे उभी करण्याची कल्पना माझ्या मनाला मानवत नाही.

माझ्या कास्तकार मित्राचे म्हणणे मी पूर्णपणे स्वीकारू शकलो नाही. अर्धा दिवस मोडून, स्वतःचे डिझेल जाळून, गाडीची गादी रक्ताने भरवून जो माणूस जखमीला यवतमाळला पोहोचवतो, त्याचा खर्च त्यानेच सोसावा असे म्हणणारे आपण कोण? तो खर्च आणि ती बुडालेली मजुरी समाजाने भरून द्यावी, आणि सरकार तेच करत असेल तर उत्तमच. माझा आक्षेप ‘बक्षीस’ या शब्दाला आहे, कारण त्यामुळे रक्कम मदतीची किंमत होऊन बसते. आपल्या देशाने एका बाबतीत हे ओळखले होते. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली, आणि रक्त हे दानच राहिले पाहिजे असे आपण ठरवले. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांना वरचेवर रक्ताची गरज लागते; ज्यांचे रक्त त्यांच्या अंगात जाते त्यांची नावे त्यांना आयुष्यात कधी कळत नाहीत, तरी ते रक्त मिळते. अनोळखी माणसाकडून घ्यायचे आणि अनोळखी माणसालाच द्यायचे, ही रीत आपल्याकडे रुजलेली आहे. तिच्यावर विश्वास ठेवून सरकारने फाट्यावरच्या टपरीवाल्याला, पंक्चर काढणाऱ्याला, काळी-पिवळीच्या चालकाला रक्तस्राव कसा थांबवायचा हे शिकवावे आणि १३४-अ कलमाखालचे हक्क मराठीत लिहून प्रत्येक बसथांब्यावर लावावेत, असे मी मित्रांना सांगितले. अपघाताच्या जागी पहिले पोहोचणारे हेच लोक असतात. आमच्या बाजूला कारंज्याजवळून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पाहताना मला नेहमी वाटते की त्या रस्त्याला फाटे नाहीत, म्हणून तिथे विळा घेऊन उतरणारी बाई नाही आणि चहाची टपरीही नाही.

शिक्षक मित्राने मग मला एक प्रश्न विचारला, तो अधिक अवघड होता. गरिबाच्या मोठ्या मनाचे कौतुक तुम्ही परदेशात बसून करता, पण त्या दिवशी तिच्या घरी वीस रुपये कमी गेले त्याचे काय, असे तो म्हणाला. तिला ते परत मिळायला हवे होते. आज असा प्रसंग आला तर मुलगा तिथल्या तिथे तिचा नंबर घेईल, घरी फोन करील आणि बस फाट्यावर पोहोचण्याआधी पैसे तिच्या खात्यात जमा होतील. हे माझ्या त्या आजींच्या दोन अंड्यांसारखेच झाले, आणि त्यात वाईट काही नाही. मजुरी बुडू नये हे कृतज्ञतेपेक्षा आधी आले पाहिजे. मी मित्राला तसे कबूल केले. तिची परत न घेण्याची इच्छा मला कितीही मोलाची वाटली तरी तिचा दिवस मी खर्च केला ही गोष्ट उरतेच, आणि ती मला आजही टोचते.

ते टोचणे घेऊनच मी २०१४ मध्ये पहिल्यांदा त्या फाट्यावर उतरलो होतो. आसपासच्या तीन गावांत विचारले. अठरा वर्षांपूर्वी बसमध्ये एका पोराला वीस रुपये देणारी, विळा घेऊन निंदणाला जाणारी म्हातारी, एवढ्या वर्णनावर काय सापडणार! एका आंगणात बसलेल्या बाया ऐकून म्हणाल्या की अशी तर आमच्यातली कोणीही असेल. एकीने आत जाऊन माझ्यासाठी पाणी आणले. ती बाई हयात असती तर तेव्हा ऐंशीच्या घरात असती.

मग मी ठरवले की तिला देता येत नाही तर तिच्या फाट्याला द्यावे. माझ्या ऐपतीचा माणूस असा विचार करतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय काय येते हे मला माहीत आहे, कारण ते सगळे माझ्या डोक्यात आले होते: गावाच्या तोंडाशी सिमेंटची कमान, थंड पाण्याचे यंत्र, शाळेला संगणक, आणि या सगळ्यावर काळ्या दगडात कोरलेले वडिलांचे नाव. परदेशी गेलेल्या मुलांनी गावाचे ऋण फेडावे असे आमच्याकडे सभेत बोलले जाते, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ कमान असा होतो. शाळेला संगणक देणाऱ्याविषयी मला आदरच आहे. पण ज्या मदतीला नाव नव्हते तिच्या बदल्यात नाव कोरलेला दगड उभा करणे म्हणजे तिच्या दानाचा वाडा करून टाकणे होय. पुढे त्या दगडासमोरून जाणारा प्रत्येक जण थोडासा माझा मिंधा झाला असता. शिवाय वीस रुपयांच्या बदल्यात दोन लाख देण्याने वीस रुपये लहान दिसू लागतात.

त्या फाट्यावर एक चहाची टपरी आहे. तिच्या मालकापुढे मी एक साधी योजना मांडली. त्याच्याकडे मी काही हजार रुपये ठेवीन. पैसे हरवलेला, तिकिटाला कमी पडलेला कोणी मुलगा किंवा मुलगी दिसली की त्याने त्यातून द्यावेत, संपले की मला कळवावे, मी आणखी पाठवीन. तो ऐकून घेत चहा गाळत राहिला. मग त्याने सांगितले की असे वर्षातून पाच-सहा जण येतात आणि तो देतोच; काही जण परत आणून देतात, काही देत नाहीत. मी म्हणालो, मग तुमच्या खिशाला भार कशाला, माझ्या पैशातून द्या. त्यावर तो जे बोलला ते मी त्याच्याच शब्दांत लिहितो. “तुमचे पैशे ठेवले तं मंग मले हिशोब ठेवा लागन भाऊ. पोरगं खरं बोलते का खोटं, हे पाहा लागन. आता मले पाहा लागत नाई.”

मी वीस वर्षे ज्या समाजात राहतो त्याने प्रत्येक गोष्टीची पावती ठेवायला शिकवले आहे, आणि त्या पावतीमुळे दुबळ्याचे संरक्षण होते हे मी पाहिले आहे. टपरीवाल्याच्या या उत्तरापुढे मात्र मला काही सुचले नाही. जर्मनीत रस्त्यावर एक दृश्य मी नेहमी पाहतो. तिथे प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीवर पंचवीस सेंट ठेव असते आणि बाटली दुकानात परत केली की ती मिळते. पुष्कळ लोक रिकामी बाटली कचरापेटीत न टाकता पेटीच्या शेजारी खाली उभी ठेवून जातात, म्हणजे बाटल्या गोळा करून त्यावर दिवस काढणाऱ्या माणसाला कचऱ्यात हात घालावा लागत नाही. ठेवणारा निघून गेलेला असतो तेव्हा उचलणारा येतो. दोघांची गाठ पडत नाही आणि कोणी कोणाला खरेखोटे विचारत नाही. मोजून परतफेड करणाऱ्या त्या देशातही ही एक जागा अशी आहे जिथे हिशेब मुद्दाम ठेवलेला नाही, आणि ती मला आमच्या फाट्यासारखी वाटते.

मी टपरीवाल्याला पुन्हा विचारले, मग मी काय करू? त्याने थोडा विचार केला आणि रस्त्याकडे बोट दाखवले. बसची वाट पाहणारी माणसे कडुनिंबाखाली मातीत बसली होती. एक गरोदर बाई उभी होती, कारण खाली बसली तर उठायला त्रास होतो. “एक बाकडं द्या,” तो म्हणाला. नेरच्या एका वेल्डरकडून मी लोखंडी बाकडे करून घेतले. त्याने मागे पाठीवर नाव काय टाकायचे म्हणून विचारले, तेव्हा काही टाकू नका असे मी सांगितले; त्याने मग तिथे स्वतःच्या मनाने पिवळ्या रंगाची एक पट्टी मारली. एकूण चार हजारांच्या आत काम झाले. पऱ्हाटी वेचणीच्या दिवसांत ते पोहोचले आणि पहिल्याच दिवशी त्यावर वेचणीला निघालेल्या चौघी बसल्या, हे मला टपरीवाल्याने फोनवर सांगितले.

गेल्या पावसाळ्यात त्याचा पुन्हा फोन आला. मुरमाची भर खचून बाकड्याचा एक पाय वाकला होता. मी लगेच पैसे पाठवतो म्हणालो, तर तो म्हणाला की काम होऊन गेले आहे. दिग्रसकडे निघालेला एक कास्तकार बसची वाट पाहत होता, त्याने वेल्डरला दीडशे रुपये दिले आणि आलेल्या बसमध्ये चढून निघून गेला. कोणता कास्तकार, म्हणून मी विचारले. टपरीवाल्याने त्याला नाव विचारले नव्हते.